तिच्या हातात कुराण दिलं होतं

लातूरला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मला लांबलचक प्रश्न पाठवलाय. त्याचा सारांश असा: ‘पाकिस्तानात इज्जतीसाठी बहिणीला मारणारा भाऊ सुटतो, कारण तिथला कायदा शरियतवर आधारलेला आहे, असं आम्हाला वर्गात सांगितलं. माझी मुस्लिम मैत्रीण म्हणते की इस्लाममध्ये हे हराम आहे. खरं कुणाचं? आणि आपल्याकडे एखाद्या मुलीवर अशी वेळ आली तर तिने नेमकं काय करायचं?’

मी १९९९ मध्ये सनद घेतली. तेव्हापासून फौजदारी आणि कौटुंबिक प्रकरणं चालवतेय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुस्लिम घरात वाढले, वडील गावच्या मशिदीत पेशइमाम होते. त्यामुळे फिकह, म्हणजे इस्लामी विधिशास्त्र, आधी कानावर पडलं आणि दंड संहिता नंतर हातात आली. उत्तर लांबेल, पण ते घाईत उरकायचं नाही असं मी ठरवलंय.

जुलै २०२५ मध्ये बलुचिस्तानातला एक व्हिडिओ सगळीकडे फिरला. क्वेट्टाजवळचा उजाड माळ, गाड्या, हत्यारं घेतलेले पुरुष. एका बाईच्या हातात कुराणाची प्रत दिली जाते. ती ब्राहुई भाषेत म्हणते, माझ्याबरोबर सात पावलं चाल, मग गोळी घाल. पुढे म्हणते, तुम्हाला फक्त गोळी घालायची परवानगी आहे, त्यापलीकडे काही नाही. आणि पाठ फिरवून उभी राहते. तिच्याबरोबरच्या पुरुषालाही मारलं. हुकूम दिल्याच्या आरोपावरून टोळीच्या सरदाराला अटक झाली. त्या दोघांचं एकमेकांशी लग्न झालं होतं की नव्हतं, यावर नंतर कितीतरी दिवस वाद चालला. आधी गोळ्या घातल्या आणि मग चौकशी सुरू झाली.

तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहू शकले नाही. ती प्रत मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या माळावरच्या एकाने जरी ती उघडून चोविसावी सूरा, म्हणजे चोविसावा अध्याय, सूरह नूर, वाचली असती तर त्याला कळलं असतं की या पुस्तकाच्या हिशेबाने तिथे गुन्हेगार कोण होतं.

सूरह नूरची चौथी आयत, म्हणजे वचन, सांगते: जे लोक पाकदामन, म्हणजे शीलवान, स्त्रियांवर आळ घेतात आणि चार साक्षीदार आणत नाहीत, त्यांना ऐंशी फटके मारा आणि त्यांची साक्ष पुन्हा कधी मानू नका. याला कजफ म्हणतात. चार साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष कृत्य डोळ्यांनी पाहिलेले चार जण. ‘दोघं रिक्षात दिसले’, ‘मोबाईलमध्ये फोटो सापडला’, ‘सगळा मोहल्ला बोलतोय’ हे पुराव्यात धरतच नाहीत. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात बसऱ्याच्या सुभेदारावर असा आरोप आला. तीन साक्षीदार ठाम होते, चौथा डळमळला. फटके त्या तिघांना बसले. साक्षीपुराव्याचा कायदा शिकणाऱ्या मुलीला यातली गंमत लगेच कळेल. आरोप सिद्ध झाला नाही म्हणून आरोपी सुटतो, एवढ्यावर हे थांबत नाही. आरोप करणारा स्वतः शिक्षेला पात्र ठरतो आणि जन्मभर त्याचा शब्द कोर्टात चालत नाही. बाईच्या चारित्र्याबद्दल तोंड उघडण्यावर इतका मोठा दंड ठेवणारा दुसरा जुना कायदा माझ्या वाचनात नाही.

या आयती कोणत्या प्रसंगी उतरल्या हेही लक्षात घ्यावं. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा काफिल्यापासून मागे राहिल्या, एका तरुण साथीदाराने त्यांना आपल्या उंटावरून मुक्कामी आणलं, आणि मदिनेत कुजबुज सुरू झाली. महिनाभर ती चालली. म्हणजे गोष्ट खुद्द पैगंबरांच्या घरातली होती, इज्जतीचा प्रश्न याहून मोठा काय असणार? त्या महिनाभरात आयशांच्या वडिलांनी, हजरत अबू बक्र यांनी, तलवार काढली नाही. आणि निवाडा आला तो कुजबुजणाऱ्यांच्या विरोधात: चार साक्षीदार का आणले नाहीत? आणले नाहीत, तर अल्लाहजवळ तेच खोटे.

आता वर्गात कुणीतरी विचारेलच, की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर? हा प्रश्न पैगंबरांना तीन-चार जणांनी विचारला आणि उत्तरं हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, ग्रंथांत नोंदलेली आहेत. हिलाल इब्न उमय्या यांनी बायकोवर आरोप केला. त्यांना सांगितलं गेलं, पुरावा आण, नाहीतर फटके तुझ्या पाठीवर. त्यानंतर लिआनच्या आयती आल्या: नवऱ्याने चार वेळा शपथ घ्यावी, पाचव्यांदा आपण खोटे असू तर आपल्यावर अल्लाहचा शाप यावा म्हणावं. बायकोनेही तशाच शपथा घेऊन आरोप नाकारला की तिच्यावरची शिक्षा टळते. लग्न मोडतं, दोघं आपापल्या वाटेने जातात. बाईचा नकार आणि पुरुषाचा आरोप यांचं वजन इथे सारखं धरलंय.

साद इब्न उबादा तर मदिनेतले मोठे सरदार. ते म्हणाले, माझ्या बायकोजवळ मला परका पुरुष दिसला तर मी काय चार साक्षीदार शोधत बसू? उत्तर आलं, हो. साद म्हणाले, मी तर सरळ तलवार चालवीन. यावर पैगंबर लोकांना म्हणाले, सादच्या गैरतीचं, म्हणजे इज्जतीच्या चाडीचं, नवल वाटतं? माझी गैरत त्याच्याहून जास्त, आणि अल्लाहची माझ्याहून जास्त. ही हदीस अर्धीच सांगून गैरतीचं समर्थन करणारे वक्ते मी ऐकलेत. पूर्ण वाचली की अर्थ अगदी उलट होतो: ज्याची गैरत सर्वांत मोठी त्यानेच चार साक्षीदारांची अट घातलीय.

आणखी एक निवाडा, इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’तला. शाममध्ये, म्हणजे सीरियात, एकाने बायकोजवळ सापडलेल्या माणसाला ठार केलं. तिथले सत्ताधीश मुआविया यांना निर्णय सुचेना, त्यांनी मध्यस्थामार्फत चौथे खलिफा हजरत अली यांना विचारलं. अलींनी कळवलं, चार साक्षीदार आणता आले नाहीत तर मारणाऱ्याला दोरीसकट मृताच्या वारसांच्या हवाली करा.

गैरत हा शब्द वाईट नाही. पण कुराणात आणखी एक शब्द आहे, अठ्ठेचाळिसाव्या सूरेत: हमिय्यतुल जाहिलिय्या, अज्ञानकाळातला ताठा. इस्लामपूर्व अरबांत मुलगी जन्मली की बापाचं तोंड काळवंडायचं, तो लोकांपासून लपायचा आणि विचार करायचा, अपमान सोसून तिला ठेवू की मातीत पुरू. हे वर्णन सोळाव्या सूरेत आहे. एक्याऐंशीव्या सूरेत कयामतच्या दिवसाचं चित्र आहे. तिथे पुरलेल्या मुलीला विचारलं जाईल, तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं? प्रश्न मुलीला विचारलाय, बापाला नाही. माझे वडील ही आयत म्हणताना नेहमी थांबायचे. त्यांना तीन मुली होत्या.

एवढं सांगून गप्प बसले तर मी तुमची फसवणूक केल्यासारखं होईल. व्यभिचार सिद्ध झाला तर पारंपरिक फिकहमध्ये कडक शिक्षा आहेत, हे खरं. पण त्या काझीने, राज्यसत्तेने द्यायच्या. भावाला, बापाला, पंचायतीला तो अधिकार नाही. दुसरं असं, की मुलाचा खून करणाऱ्या बापाला किसास, म्हणजे जिवाच्या बदल्यात जीव, लागू होत नाही असं हनफी, शाफई आणि हंबली या तिन्ही मजहबांचं, म्हणजे फिकहच्या परंपरांचं, बहुमत आहे. मालिकी मजहब मात्र जाणूनबुजून, जनावर कापावं तसं मारलं असेल तर बापालाही सोडत नाही. काही हनफी फकीहांनी, म्हणजे विधिज्ञांनी, रंगेहाथ पकडलेल्याला मारणाऱ्या नवऱ्याला सवलतही दिलीय. या फटी पुस्तकांत आहेत. त्या नाकारून उपयोग नाही, कारण आरोपीचा वकील नेमकं तेच पान उघडतो. पण या फटीतूनही बाप कोरा बाहेर पडत नाही. हजरत उमर यांच्याकडे मुलाला मारलेल्या बापाचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी शंभर उंटांची दियत, म्हणजे खुनाची भरपाई, वसूल केली, ती मृताच्या भावाला दिली आणि बापाला एक उंटही मिळू दिला नाही. मारणाऱ्याला काही मिळत नाही, हा नियम. तो ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी ऑफिस बंद करायच्या वेळी एक गृहस्थ आले. साठीच्या आसपासचे, पांढरी टोपी, हातात छत्री. आधी जमिनीच्या सातबाऱ्याचं विचारत बसले. मग, अठरा वर्षांवरची मुलगी निघून गेली तर कायदा काय म्हणतो, हे विचारलं. मी सांगितलं, ती सज्ञान आहे, तिची मर्जी. ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही आपल्यातल्या आहात म्हणून बोलतो. आपल्यात याला माफी नाही.’ आवाज चढलेला नव्हता, उलट फार शांत होता, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. मी कपाटातलं उर्दू तर्जुम्याचं कुराण काढलं, सूरह नूर उघडली आणि चौथी आयत मोठ्याने वाचायला सांगितली. त्यांनी वाचली. मी विचारलं, ‘चार साक्षीदार आहेत?’ ते म्हणाले, ‘सगळं गाव बोलतंय.’ मी म्हटलं, ‘मग फटके गावाला.’ ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. चहा तसाच निवला. उठताना एवढंच म्हणाले, ‘हे आम्हाला कुणी असं वाचून दाखवलं नाही.’ मुलगी पुढे नाशिकला संसाराला लागली. तो गृहस्थ दोन ईदपर्यंत तिच्याशी बोलला नाही. बोलला नाही, पण हातही उचलला नाही.

त्यांना दया दाखवा म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. कायदा दाखवला, त्यांच्याच घरातला, म्हणून ते थांबले.

आता पाकिस्तानकडे येते. तुमच्या वर्गात सांगितलं ते अर्धं बरोबर आहे.

१९८९ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत अपील पीठाने गुल हसन खान खटल्यात ब्रिटिशकालीन दंड संहितेतली खुनाची कलमं इस्लामशी विसंगत ठरवली, आणि १९९० मध्ये किसास व दियतचा अध्यादेश आला. १९९७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यानुसार खून हा सर्वांत आधी मृताच्या वारसांविरुद्धचा गुन्हा. वारस, म्हणजे वली, मोबदला न घेता माफ करू शकतात किंवा पैसे घेऊन सुलह करू शकतात.

वलीला हा अधिकार कुराणाने का दिला? अरबस्तानात एका माणसाच्या बदल्यात दहा मारायची चाल होती, पिढ्यान्‌पिढ्या वैर चालायचं. सतराव्या सूरेत म्हटलंय, जो अन्यायाने मारला गेला त्याच्या वलीला आम्ही अधिकार दिला, पण त्याने मारण्यात अतिरेक करू नये. म्हणजे वली हा मृताच्या बाजूचा माणूस, आणि माफी ही दोन टोळ्यांमधला रक्तपात थांबवायची वाट. मारणारा एका घरचा, मेलेला दुसऱ्या घरचा, हे त्यात गृहीतच आहे. पण भाऊ बहिणीला मारतो तेव्हा तिचा वली कोण? तिचा बाप. तोच मारेकऱ्याचाही बाप, आणि कित्येकदा कट त्याच्याच ओसरीवर शिजलेला असतो. आळ घेणारं तेच घर, निवाडा करणारं तेच, गोळी घालणारं तेच आणि माफ करणारंही तेच. मृत बाईच्या बाजूला एकही माणूस उरत नाही. मारणाऱ्याला काही मिळत नाही, हा नियम इथे पार उलटा झाला: मारणाऱ्याला सगळंच मिळालं, माफीसुद्धा.

हे टाळायचे मार्ग फिकहमध्येच होते. विश्वासात घेऊन, दगा करून केलेल्या खुनात वारसांची माफी चालत नाही, तो गुन्हा समाजाचा, असं मालिकी मजहब मानतो. त्याला कत्ल-ए-गीला म्हणतात. जेवायला बोलावून मुलीला मारणं हा दगा नाही तर काय? पण अध्यादेश लिहिणाऱ्यांनी ती वाट घेतली नाही. वारसांनी माफ केलं तरी फसाद-फिल-अर्ज, म्हणजे समाजात माजवलेला उत्पात, म्हणून न्यायाधीश ताझीराची, म्हणजे आपल्या अखत्यारीतली, शिक्षा देऊ शकतील असं कलम ३११ मध्ये होतं. ते देणं न देणं न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिलं.

मी सनद घेतली त्याच वर्षी, ६ एप्रिल १९९९ रोजी, लाहोरमध्ये हिना जिलानी यांच्या वकिली कार्यालयात पेशावरच्या एका विवाहित तरुणीला गोळी घातली गेली. तिला घटस्फोट हवा होता. आई भेटायला येणार म्हणून ती थांबली होती. आई आली ती एका माणसाचा आधार घेत, आपल्याला चालवत नाही असं सांगून, आणि त्या माणसाने पिस्तूल काढलं. तो तिथेच मारला गेला. त्याला आणणाऱ्यांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. निषेधाचा ठराव पाकिस्तानच्या सिनेटमध्ये मंजूर होऊ शकला नाही. त्या काळात माझ्या टेबलासमोर एक खुर्ची होती आणि दाराला कडी नव्हती. बातमी वाचली त्या आठवड्यात मी कडी बसवून घेतली. आजही मुलीला भेटायला घरचं माणूस आलं की मी ते बाहेरच्या खोलीत बसवते, आई असली तरी.

कंदील बलोच तुम्हाला माहीत असेल. समाजमाध्यमांवरचं प्रसिद्ध नाव. जुलै २०१६ मध्ये मुलतानला भावाने तिला झोपेत गळा दाबून मारलं आणि पत्रकारांपुढे सांगितलं की मला पश्चात्ताप नाही. त्या संतापाच्या लाटेत ६ ऑक्टोबर २०१६ रोजी पाकिस्तानी संसदेच्या संयुक्त बैठकीत दुरुस्ती मंजूर झाली: खून इज्जतीच्या नावाने झाला असेल तर वारसांनी माफ केलं तरी जन्मठेप होणारच. चांगला कायदा. सप्टेंबर २०१९ मध्ये भावाला जन्मठेप झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये लाहोर हायकोर्टाच्या मुलतान खंडपीठाने त्याला सोडलं. आईने माफी दिली होती आणि साक्षीदार फिरले होते. कारण हा खून ‘इज्जतीचा’ होता हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि सिद्ध करायला घरचीच माणसं लागतात.

म्हणून तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं खरं, आणि शिक्षकांचंही खोटं नाही. दोन्ही नीट जोडलं की चित्र असं दिसतं: शरियतमधली आरोपीला सोयीची माफी कायद्यात आली, बाईचं रक्षण करणारी कजफ मात्र खुनाच्या खटल्यात कुणी काढलीच नाही. मी पाकिस्तानी निकाल वाचते तेव्हा एक प्रश्न हटकून पडतो. आरोपी भर कोर्टात म्हणतो, ‘ती बदचलन होती.’ त्या क्षणी त्याला चार साक्षीदार का विचारत नाहीत? खुनाच्या जोडीला ऐंशी फटक्यांचा गुन्हा त्याने न्यायाधीशांसमोर केलेला असतो.

यात आणखी एक गोष्ट दडलीय. ‘अचानक आणि गंभीर प्रक्षोभ’ झाला म्हणून शिक्षा कमी, ही सवलत १८६० च्या भारतीय दंड संहितेत, कलम ३०० च्या पहिल्या अपवादात, इंग्रजांनी आणली. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, कारोकारीचे, म्हणजे तिथले इज्जतीच्या नावाने होणारे, खून याच कलमाखाली तोलले जायचे. १९९० च्या अध्यादेशाने पाकिस्तानात हा अपवाद काढून टाकला, कारण इस्लामी कायदा असा प्रक्षोभ मानत नाही. साद इब्न उबादांना मिळालेलं उत्तर आठवा. पण न्यायाधीशांच्या मनातून तो गेला नाही. त्यांनी खुनाला कमी शिक्षेची मुभा देणाऱ्या कलम ३०२(क) च्या खिडकीतून गैरतीला परत आत घेतलं. धर्माने नाकारलेली इंग्रजी सवलत धर्माच्या नावाने चालू राहिली.

जॉर्डनचंही तेच. तिथल्या दंड संहितेचं कलम ३४०, व्यभिचारात सापडलेल्या बायकोला किंवा नात्यातल्या बाईला मारणाऱ्याला सूट देणारं, नेपोलियनच्या १८१० च्या फ्रेंच संहितेतल्या कलम ३२४ चं अपत्य. राना हुसैनी या पत्रकार बाईने ‘जॉर्डन टाइम्स’मध्ये वर्षानुवर्षं या खुनांच्या बातम्या दिल्या, तोवर त्यांना वर्तमानपत्रात जागाच नव्हती. ते कलम रद्द करायचा प्रस्ताव आला तेव्हा खालच्या सभागृहाने तो फेटाळला, आणि इस्लामिक ॲक्शन फ्रंट या पक्षाने धर्माच्या नावाने कलमाची पाठराखण केली. पाठराखण होत होती एका फ्रेंच कलमाची. फ्रान्सने स्वतः ते १९७५ मध्ये टाकून दिलं. इटलीच्या संहितेत तर इज्जतीच्या खुनाला सवलत देणारं कलम १९८१ पर्यंत होतं.

आणि आपण? आपल्याकडे खुनात तडजोड होत नाही. वारसांच्या माफीने खटला मिटत नाही, खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा. ‘भगवान दास’ खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे खून दुर्मिळातल्या दुर्मिळात मोडतात, म्हणजे फाशीला पात्र ठरतात, असं सांगितलं. १ जानेवारी २०१३ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सोनईत प्रेमसंबंधावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. हे प्रकरण मी मुद्दाम सांगतेय. आपल्याकडे हे खून मुख्यतः जातीसाठी होतात, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक फायली मुस्लिम घरांतल्या नाहीत.

पण माफीचं कलम नसलं म्हणून माफी नसते असं नाही. एका खटल्यात मी मृत मुलीच्या नवऱ्यातर्फे सरकारी वकिलांना मदत करत होते. मुलीची आई मुख्य साक्षीदार. पोलिसांपुढे तिने सगळं सांगितलेलं. पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा उजव्या हाताने डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक वर सरकवत होती. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या रात्री मुलगा किती वाजता घरी आला? ‘मला आठवत नाही.’ आवाज ऐकलात का? ‘मी झोपले होते.’ पोलिसांना सांगितलं ते? ‘असं मी सांगितलं नाही.’ फितूर घोषित झाली. जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात मी तिच्याजवळ गेले. तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, ‘वकीलबाई, एक गेली. आता दुसरा पण घालवू?’ मुलतानमधल्या आईने कागदावर दिलं तेच या आईने पिंजऱ्यात दिलं. मला तिचा राग आला नाही. आजही येत नाही. राग येतो तो जबाब वेळेवर दंडाधिकाऱ्यांपुढे न नोंदवणाऱ्या तपासाचा.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी खुनाच्या आधीच्या दिवसांसाठी देते.

मुलगी सज्ञान असेल तर लग्नासाठी कुणाच्या संमतीची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘लता सिंग’ खटल्यात २००६ मध्ये हे स्पष्ट केलंय. शरियतच्या बाजूने कुणी अडवलं तर: हनफी मजहबात सज्ञान मुलगी स्वतः निकाह करू शकते, पाकिस्तानातसुद्धा लाहोर हायकोर्टाने १९९७ मध्ये हेच मान्य केलं. आम्ही कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई. आमच्याकडे वली लागतो, पण वली विनाकारण अडून बसला तर काझी तिचा वली होतो. अडवणाऱ्या बापाचा अधिकार तिथेच संपतो. आणि खन्सा बिन्त खिदाम यांचं वडिलांनी मनाविरुद्ध लावलेलं लग्न पैगंबरांनी रद्द केलं होतं, तेव्हा जबरदस्तीच्या लग्नाला तर अजिबात आधार नाही.

विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. धोका याच महिनाभरात सर्वांत जास्त. मी जोडप्यांना सांगते, नोटीस देण्याआधी राहायची सोय करा, नंतर नाही. २७ मार्च २०१८ च्या ‘शक्ती वाहिनी’ निकालाने प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्षाचे आदेश दिलेत, सुरक्षित निवाऱ्याचा विचार करायला राज्यांना सांगितलंय, आणि पोलिसांनी कुचराई केली तर त्यांच्यावर खात्यांतर्गत कारवाई करायला सांगितलंय. त्या निकालाची प्रत अर्जाला जोडा. अर्ज पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, कुणाकडून धोका आहे त्यांची नावं लिहा, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका. घरच्यांनी बेपत्ता झाल्याची तक्रार दिली असेल तर मुलीने पोलिसांपुढे जबाब द्यावा की मी स्वखुशीने गेले. धमकीची तक्रार असेल तर जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवायचा आग्रह धरा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३. ‘दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून मिटवू’ असं ठाण्यात कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. सज्ञान मुलीला आईबापांच्या ताब्यात द्यायचा अधिकार ठाण्याला नाही. काहीच हललं नाही तर अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टात संरक्षणाची याचिका.

आणि ‘झालं गेलं विसरा, रीतसर लग्न लावून देतो, घरी या’ असा निरोप आला तर जाऊ नका. निदान एकट्या जाऊ नका. माझ्याकडच्या ज्या दोन मुली जिवानिशी गेल्या, त्या दोघी अशाच निरोपावर गेल्या होत्या. एकीला तर पुरणपोळी केलीय म्हणून सांगितलं होतं.

गेल्या पावसाळ्यात सकाळी साडेसातला एक मुलगी ऑफिसच्या पायरीवर बसलेली सापडली. बावीस वर्षांची, बुरख्याची कडा भिजलेली. मांडीवर कपड्याच्या दुकानातली पिशवी, आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं दहावीचं प्रमाणपत्र, आधार कार्ड, जन्माचा दाखला, पासपोर्ट आकाराचे चार फोटो. पळून आलेल्या मुलींकडे कागद कधीच नसतात, ते बापाच्या कपाटात असतात. मी विचारलं, हे तू कसे आणलेस? ती म्हणाली, ‘अम्मीने फजरच्या वेळी काढून दिले. अब्बा मशिदीत गेले होते.’

अर्ज लिहिला, अकराच्या आत अधीक्षक कार्यालयात शिक्का घेतला, दुपारी तिला निवाऱ्यात पोहोचवलं. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. एका बाईचा आवाज, फार हळू. ‘पोहोचली का?’ मी म्हटलं, हो, पोहोचली. तिने फोन ठेवला.